सावली कुठे टांगायची? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

समजा, तुम्ही कारापूरचे. घर तिस्कापासून जवळ, दुकान इलेक्ट्रिकलचं, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात ज्या सजवलेल्या नौका सोडतात, त्यांतल्या एकीचं वायरिंग दरवर्षी तुमच्याकडे. पाण्यावर हलणाऱ्या थर्माकोलच्या देवळातले दिवे मध्यरात्रीपर्यंत विझू न देणारा माणूस म्हणून साखळी बाजारात तुमचं नाव आहे. तिथून ते पणजीच्या एका संग्रहालयापर्यंत कसं पोहोचलं कोण जाणे, पण परवा फोन आला: ‘एक इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ आर्टवर्क यायचं आहे. लावून द्याल का? आणि डॉक्युमेंटेशनही तुम्हीच करा.’ तुम्ही ‘बघूया’ म्हणालात. गोव्यात ‘बघूया’ म्हणजे हो, असं धरून मंडळी पत्रिका छापतात. तेव्हा आता माघार नाही. पुढचं वाचा.

साहित्य: प्रोजेक्टर एक. कॅमेरा एक. कॉम्प्युटर एक. स्पीकर दोन. अंधार, एक खोली भरेल इतका. मास्किंग टेप, लागेल असं वाटतं त्याच्या चौपट. वही आणि पेन. मोबाइलमधली नोंद चालणार नाही, कारण मोबाइल बदलतो आणि नोंद जाते. कलाकाराचा फोन नंबर, उचलला जाणारा.

पहिली पायरी: काहीही जोडू नका. आधी काय लावायचं आहे ते समजून घ्या. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांचं २००७ सालचं ‘शॅडो ३’ उदाहरणाला घेऊ. त्यांचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, तेही शिल्पकलेचं. पण हे शिल्प हाताला लागत नाही. तुम्ही खोलीत जाता, समोरच्या भिंतीवर तुमची सावली पडते. हात हलवला की ती हात हलवते. तुम्ही खुशीत येता. मग वरून एक दोरी येते, तुमच्या सावलीला जोडली जाते, आणि दोरीवरून घसरत एकेक वस्तू येऊन सावलीला चिकटायला लागते. झटकून पाहा, पडत नाही. बाजूला सरका, सामान तुमच्याबरोबर सरकतं. थोड्या वेळाने भिंतीवर उभा असतो तो अडगळीचा ढीग, आणि त्या ढिगाला तुमचे पाय. ही सावली दिव्याने पाडलेली नाही. कॅमेऱ्याने टिपलेली आणि कॉम्प्युटरने रंगवलेली आहे. कामाचं मर्म याच लबाडीत आहे.

आता संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘वस्तू’ हा रकाना भरा. प्रोजेक्टर लिहाल? तो भाड्याने आणलेला. हार्ड डिस्क? ती दुकानात मिळते. व्हिडिओ? तो तर समोर कोणी उभं राहिल्याशिवाय होतच नाही. पाषाणमूर्तीची नोंद सोपी: उंची, रुंदी, दगड कुठला, नाक शाबूत आहे की नाही. इथे शाबूत असायला हवं ते माणूस आणि भिंत यांच्यामधलं वागणं. वागणं कपाटात ठेवता येत नाही, लिहून ठेवावं लागतं. तुम्हाला बोलावलं आहे ते खरं तर या लिहिण्यासाठी. तुम्हाला वाटतंय वायरिंगसाठी. वाटू द्या, त्यामुळे फी कमी सांगाल आणि काम मिळेल.

दुसरी पायरी: यंत्रावर जीव लावू नका. कोरियात ग्वाचॉनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नाम जून पाइक यांनी १९८८ साली १,००३ टीव्ही रचून एक मनोरा उभा केला. टीव्ही तो, म्हातारा होणारच. २०१८ साली मनोरा बंद करावा लागला. २०२२ साली पुन्हा उजळला तेव्हा ७३७ जुने टीव्ही दुरुस्त केलेले होते आणि उरलेल्या २६६ जागी सपाट पडदे बसवलेले होते. हे तेच काम की दुसरं, यावर पंडितांनी भांडावं. पण आकडे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. ‘काही टीव्ही बदलले’ असं लिहिलं असतं तर भांडायलाही काही उरलं नसतं.

तुमच्या कामाला त्याहून जवळचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ग्रॅहम वाइनब्रेन आणि रोबर्टा फ्रीडमन यांनी १९८२ ते १९८५ या काळात ‘द अर्ल किंग’ हे इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ काम तयार केलं. पडद्याला बोट लावलं की गोष्ट वळण घ्यायची. मागे लेझरडिस्क आणि सोनीचा एसएमसी-७० नावाचा कॉम्प्युटर राबायचा. वीस वर्षांत ही सगळी जात नामशेष झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २००४ साली जुनी यंत्रणा आणि नव्या कॉम्प्युटरवर तिच्यासारखी वागणारी दुसरी, अशा दोन्ही शेजारीशेजारी मांडल्या आणि लोकांना सांगितलं, बोट लावून बघा. कलाकृतीला प्रेक्षकांपुढे अशी परीक्षा द्यायला लावणारं याहून प्रामाणिक प्रदर्शन मला माहीत नाही.

त्याच संग्रहालयातल्या मंडळींनी अशा कामांसाठी चार वाटा सांगितल्या आहेत: जपून ठेवा, नव्या यंत्रावर हलवा, जुन्या यंत्राचं सोंग नव्याकडून करवा, किंवा सरळ नव्याने रचा. तुम्ही या चारही वाटा नोंदवहीत लिहा आणि शेजारी कलाकाराची सही घ्या. कारण सेन्सर फार अल्पायुषी जमात आहे. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० साली खेळण्यासाठी आला. जगभरच्या कलाकारांनी तो उचलून त्यावर कामं उभारली. २०१७ साली कंपनीने तो बनवणं बंद केलं. कंपनीने कलाकारांना विचारलं नाही. विचारायचं काही कारणही नव्हतं.

तिसरी पायरी: कलाकाराची मुलाखत. ‘या कामामागची तुमची भूमिका काय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये छापलेलं आहे आणि ते वाचूनही प्रोजेक्टर लागत नाही. चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधताना आजी जे जाणते, ते विचारा. लाकडी चौकट तीच, दरवर्षी माळ्यावरून निघते. नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, कांगणी, घागऱ्या, चिबूड दरवर्षी नवे. एखाद्या साली एखादं रानफळ मिळालं नाही तरी माटोळी ती माटोळीच. पण सगळं मिळूनही ती गणपतीच्या डोक्यावर न टांगता कोपऱ्यात उभी केली, तर आजी हातातली सुंभाची दोरी खाली ठेवून तुमच्याकडे बघेल. कलाकाराकडून नेमकं हेच काढून घ्यायचं: काय बदललं तर चालेल, आणि काय बदललं की तोही दोरी खाली ठेवेल?

ठोस विचारा. चित्र किती रुंद हवं? कमीत कमी किती चालेल? सावली माणसाएवढी हवी की मोठी? एका वेळी किती माणसं? तिसरा आत आला तर? हात हलवल्यावर सावलीने किती उशिरा हलावं? नव्या कॉम्प्युटरवर ती आणखी चपळ झाली तर आनंद मानायचा की जुना आळस मुद्दाम घालायचा? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, जो हमखास राहून जातो: खोलीत कोणी नसताना भिंतीवर काय दिसायला हवं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर ‘काहीच नाही’ असं लिहा. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी त्या रिकाम्या भिंतीवर प्रायोजकाचं बोधचिन्ह फिरवत बसेल.

मुलाखतीत कलाकार मूळ फाईल व्हॉट्सॅपवर पाठवतो म्हणाला तर नम्रपणे उठा आणि हार्ड डिस्क घेऊन त्याच्या घरी जा. व्हॉट्सॅप व्हिडिओ दाबून, पिळून पाठवतो. मूळ फाईल, प्रोग्राम, प्रोग्रामचा वाचता येणारा कोड आणि तो ज्यावर चालतो त्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, असं सगळं मागा. प्रत्येक फाईलचा चेकसम काढून वहीत लिहा: एमडीफाइव्ह पद्धतीचा असेल तर ती बत्तीस अक्षर-अंकांची ओळ असते, आणि फाईलमध्ये एक बिट जरी हललं तरी ती ओळ बदलते. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणजे संग्रहालयाच्या संचालकांच्या गाडीची डिकी नव्हे.

चौथी पायरी: भिंत. इथे तुमचं डिचोली तालुक्यातलं ज्ञान उपयोगी पडेल. जुन्या इमारतीच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा आतून सच्छिद्र, ड्रिल मारलं की लाल भुगा ओंजळभर निघतो आणि फास्टनर आत भिरभिरत राहतो. त्यात इमारत वारसा यादीतली असेल तर ड्रिलचं नाव काढलं तरी फाईल पुरातत्त्व खात्याकडे जाते, आणि ती परत येईपर्यंत प्रदर्शन संपलेलं असतं. तेव्हा मूळ भिंतीला हात न लावता प्लायवूडची स्वतःच्या पायांवर उभी भिंत करा. तिला बिनचमकीचा पांढरा रंग द्या. ऑइलपेंट दिलात तर मधोमध प्रोजेक्टरच्या भिंगाचा गोळा चमकेल आणि प्रेक्षकांना वाटेल, तीच कलाकृती.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा याचं गणित साधं आहे. त्याच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो. तो दीड असेल आणि चित्र तीन मीटर रुंद हवं असेल, तर साडेचार मीटर मागे. खोली चार मीटरचीच आहे हे तुमच्या तेव्हा लक्षात येईल. खोलीचं मोजमाप फोनवर विचारून घेणाऱ्या मंडळींवर हा प्रसंग येतो. तुम्ही टेप घेऊन स्वतः जा. प्रोजेक्टरच्या फिल्टरची जाळी दर आठवड्याला साफ करायची, हे खाणीच्या रस्त्यांवर ट्रकमागे गाडी चालवलेल्या माणसाला सांगायला नको. आणि पावसाळ्यात, गोव्यात जेव्हा मोसमाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, तेव्हा भिंगाला बुरशी धरते. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी, म्हणून एसीलाही सुट्टी, असं करू नका.

पाचवी पायरी सर्वांत रंजक: कॅमेऱ्याला माणूस कसा दिसतो. अशा कामांत बहुधा रिकाम्या खोलीचं चित्र कॉम्प्युटरला आधी दाखवून ठेवतात. मग कॅमेऱ्याला दिसणाऱ्या प्रत्येक चित्रातून तो रिकामी खोली वजा करतो. उरेल तो प्रेक्षक. ही व्याख्या उपनिषदात शोभेल अशी आहे, पण तिच्यात एक भोक आहे. रिकामी खोली दाखवून झाल्यावर पहारेकऱ्याने आपलं स्टूल आत आणून ठेवलं, की ते स्टूल प्रेक्षक ठरतं. त्याला सावली मिळते. त्याच्यावर सामान चिकटत राहतं. रविवारी संध्याकाळी तुम्हाला फोन येतो की भिंतीवर आपोआप ढीग होतो आहे, कलाकृती बिघडली. कलाकृती ठणठणीत असते. स्टूल कलेचा आस्वाद घेत असतं.

दुसरी गोष्ट. साधा कॅमेरा लावला तर तो भिंतीवरचं चित्रही पाहतो आणि स्वतःच्याच चित्राला माणूस समजून गोंधळतो. म्हणून कॅमेऱ्यापुढे फक्त अवरक्त प्रकाश आत सोडणारं गाळणं लावतात आणि खोलीत अवरक्त दिवे लावतात, डोळ्यांना न दिसणारे. प्रोजेक्टरच्या चित्रात अवरक्त प्रकाश फारसा नसतो, त्यामुळे कॅमेऱ्याला माणसं दिसतात, चित्र नाही. युक्ती नामी आहे. मात्र सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, तो बराचसा जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, इमारतीत. अशा इमारतींच्या खिडक्या उंच, आणि जुन्या घरांत तर शिंपल्यांची तावदानं. त्यांतून येणारं ऊन डोळ्यांना फार सुंदर दिसतं. दुपारी चारला ते जमिनीवर उतरलं की कॅमेऱ्याला वाटतं, दहा-बारा माणसं लोळत पडली आहेत. काळा पडदा लावा. क्युरेटर म्हणेल, खिडकीचं सौंदर्य जातंय. जाऊ द्या.

आणि समई. उद्घाटनाला दीपप्रज्वलन होणार, आणि ते नेमकं याच खोलीत व्हावं असं कोणाच्या तरी मनात येणार, कारण इथे पाठीमागे रंगीत काहीतरी हलतं. ज्योतीतून अवरक्त प्रकाश भरभरून निघतो. पाच वाती पेटल्या की कॅमेऱ्याच्या दृष्टीने खोलीतला सर्वांत तेजस्वी प्रेक्षक म्हणजे समई, आणि प्रमुख पाहुणे जवळपास अदृश्य. पाहुण्यांची सावली पडली नाही, तर वर्तमानपत्रात फोटो येणार नाही. फोटो आला नाही, तर पुढच्या वर्षी अनुदान येणार नाही. समई पोर्चमध्ये ठेवा.

सहावी पायरी: वीज. ती जाणारच आहे. प्रश्न ती आल्यावरचा आहे. कॉम्प्युटरच्या बायॉसमध्ये, वीज परत आली की आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करा. प्रोग्रामही आपोआप सुरू व्हायला हवा, पासवर्ड न विचारता. अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, इंटरनेटची वायर काढलेली. नाहीतर तीन मीटर रुंद भिंतीवर विंडोज आपलं स्वागत करत असल्याचं वाचून प्रेक्षक गंभीरपणे माना डोलावतील. एकदोघे त्यावर लिहितीलही. यूपीएस लावा, पण त्यावर प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटरच. शिपाई त्याच प्लगला चहाची किटली लावणार नाही याची तजवीज करा.

आता डॉक्युमेंटेशन. खरं म्हणजे पहिल्या पायरीपासून चालू असायला हवं होतं. चालू आहे ना? अशा कामात सगळा जीव असतो तो काही आकड्यांत. किती उजेड पडला म्हणजे माणूस समजायचा, किती लहान आकार सोडून द्यायचा, सावलीची कड किती गुळगुळीत करायची. हे आकडे उद्घाटनाच्या आदल्या रात्री, सगळे जेवायला गेलेले असताना, एक कंटाळलेला तंत्रज्ञ अंधारात उकिडवा बसून ठरवतो. मग तो ते कॉम्प्युटरच्या डोक्यावर मास्किंग टेपवर लिहून चिकटवतो. सहा महिन्यांनी टेप सुकून पडतो आणि झाडूवाला तो नेतो. कलाकृतीचा अर्धा आत्मा कचऱ्यात जातो, आणि संग्रहालयाकडे उरतो तो चकचकीत कॅटलॉग, ज्यात काळ्या कपड्यांतली एक बाई हाताची घडी घालून पडद्याकडे बघते आहे.

तुम्ही तो फोटो काढू नका. वेगळं काहीतरी चित्रित करा: खोलीच्या मागून, कॅमेरा स्थिर ठेवून, माणूस आणि भिंत दोन्ही दिसतील असं, न कापता. शाळेची सहल येते त्या वेळी करा. पहिला मुलगा दारात थबकतो, दुसरा त्याला ढकलतो, तिसऱ्याला कळतं की दोघांनी एकमेकांमागे उभं राहिलं की चार हात दिसतात. मग एकीच्या सावलीला सामान चिकटतं, ती आधी हसते, मग ते काढायला बघते, मग मैत्रिणीच्या सावलीला पुसायला जाते. कलाकाराला जे सांगायचं होतं ते याच अर्ध्या मिनिटात घडतं. मोठी माणसं असं करत नाहीत. ती आधी भिंतीवरचा मजकूर वाचतात. त्यांचंही चित्रण ठेवा, फक्त थोडं. बरोबरच कॉम्प्युटरच्या पडद्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग, खोलीचा नकाशा, कॅमेऱ्याची उंची आणि तिरपेपणा, केबलची लांबी, आवाज कुठे उभं राहून किती ऐकू येतो ते. एचडीएमआयची साधी तांब्याची केबल पंधरा मीटरच्या पुढे कटकट करते. ती कुठे केली तेही लिहा.

पहारेकऱ्याला विसरू नका. आयुष्यभर त्याला एकच शिकवलेलं आहे, ‘हात लावू नका’, आणि इथे लोक हात-पाय हलवून नाचले नाहीत तर काम सुरूच होत नाही. पहिल्या दिवशी तो नाचणाऱ्यांना बाहेर काढेल. त्याला स्वतःला दहा मिनिटं भिंतीपुढे उभं करा. आठवड्याभरात त्याला क्युरेटरपेक्षा जास्त कळायला लागेल: काळी छत्री आणली की सावलीला भोक पडतं, अमुक वेळेनंतर ती अडखळते, लहान पोरं कॅमेऱ्याच्या टप्प्याखालून निसटतात. त्याच्यासाठी एक वही ठेवा, आणि तुमच्या अहवालात त्याचं नाव घाला, तुमच्या नावाच्या वर घातलंत तरी हरकत नाही.

शेवटची पायरी, उतरवणं. केबल काढण्याआधी दोन्ही टोकांना तोच क्रमांक लावा. एका टोकाला लावून दुसरं ‘लक्षात राहील’ म्हणणारी माणसं अजून केबल शोधत आहेत. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वाट पाहा. खोक्यात सिलिका जेल घाला. पॅकिंग लिस्टमध्ये ‘सावली: एक नग’ असं लिहायचा मोह टाळा, गोदामातला कारकून ती मोजून घेतल्याशिवाय सही करणार नाही.

काम परदेशी जाणार असेल तर कस्टमचा कागद भरावा लागेल, आणि त्यात किंमत लिहावी लागेल. हार्ड डिस्कची बाजारभावाने किंमत लिहिलीत तर ती वाटेत हरवल्यावर विमा कंपनी तेवढेच पैसे देईल. कलाकृतीची खरी किंमत लिहिलीत तर दाबोळी विमानतळावर कस्टमचा साहेब चष्मा वर करून विचारेल, ‘या डबीत आहे तरी काय?’ तेव्हा तुम्ही त्याला समजावून सांगायला जाऊ नका. पाकिटातून कलाकाराचं सहीचं प्रमाणपत्र काढा, करारनामा काढा, चेकसमची यादी काढा आणि शाळेच्या सहलीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून त्याच्यासमोर धरा.